टकळी, पुकारेकाका आणि तुटणारी लाइन

माहेरी तिला सगळे टकळी म्हणत. उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडाला खीळ म्हणून नाही. शाळेतून आली की दप्तर खांद्यावरून उतरायच्या आत दिवसभराची हकिकत सांगून झालेली असायची. मग तीच हकिकत थोडं तिखटमीठ लावून शेजारच्या मावशींना सांगायला ती पळायची. वडील वर्तमानपत्राच्या आडून म्हणायचे, "हिला नुसती बोलायची नोकरी बघा रे कुणीतरी."

नोकरी मिळाली तीही बोलण्याचीच, पण बोलायचं दुसऱ्याने. टकळी स्पीच थेरपिस्ट झाली. अर्धांगवायूचा झटका येऊन ज्यांची वाचा गेली, त्यांना पुन्हा शब्द मिळवून द्यायचे, हे तिचं काम. पहिल्याच आठवड्यात रुग्णालयातल्या मोठ्या बाईंनी तिला बजावलं होतं, "पेशंट शब्द शोधत असताना आपण तो सांगायचा नाही. कितीही वेळ लागो. दात आवळून बसायचं."

हे शिकताना टकळीचे फार हाल झाले. समोरचा माणूस 'च... च...' करतोय, आणि 'चमचा' हिच्या जिभेच्या टोकावर नाचतोय. ती टेबलाखाली स्वतःची करंगळी पिळून धरायची. पण हळूहळू गप्प बसणं अंगवळणी पडलं. मग तर तिला समोरच्याचं गप्प असणंही वाचता यायला लागलं. शब्द शोधणारा माणूस आणि शोधून दमलेला माणूस दोघेही गप्पच असतात, पण ओठांच्या कडेची एवढीशी हालचाल सगळं सांगून जाते. घरी आल्यावर मात्र ती दिवसभराचं साठलेलं सगळं बोलून घ्यायची. नवरा बिचारा जेवता जेवता मान डोलवायचा.

पुढे या नवऱ्याची बदली झाली. तो शीतगृहातली यंत्रं सांभाळायचा; सकाळी लवकर जायचा तो दिवेलागणीला परत. नवं गाव, भाड्याचं नवं घर, सोबत सासूबाई. टकळीचं रुग्णालय मागे राहिलं, पण पेशंट मागे राहायला तयार नव्हते. "मॅडम, व्हिडिओवर शिकवा ना," असा चार-पाच घरांनी हट्ट धरल्यावर तिने आतल्या खोलीत आपला जुना कॉम्प्युटर मांडला. मोबाइलवर हे काम होण्यासारखं नव्हतं. ओठ कसे मिटतात, जीभ कुठे टेकते, हे बघायला पडदा मोठाच हवा.

या पेशंटांत सगळ्यात अवघड आणि तिचे सगळ्यात लाडके होते पुकारेकाका. भाजीच्या घाऊक बाजारात त्यांनी उभं आयुष्य लिलाव पुकारला होता. पोत्यांच्या थप्पीवर चढून त्यांनी भाव फोडला की पलीकडच्या रस्त्यावरच्या चहावाल्यालाही तो कळायचा. खरं नाव कागदोपत्रीच राहिलं. लहानथोर सगळे त्यांना पुकारेच म्हणायचे. एका सकाळी पुकारता पुकारता त्यांची जीभ जड झाली आणि उजवा हात लोळागोळा होऊन खाली आला. हात पुढे बराचसा परत आला. वाचा आली नाही. एक ते दहा आकडे ते एका दमात म्हणायचे, कारण जन्मभर घोकलेलं आपसूक बाहेर पडतं. पण तहान लागली तर 'पाणी' म्हणता यायचं नाही. मग ते चिडायचे, आणि चिडले की आकडेसुद्धा पळून जायचे.

नव्या घरातून पहिल्यांदा त्यांना व्हिडिओ कॉल लावला तेव्हा टकळीने चमच्याचं चित्र दाखवलं. काकांनी डोळे बारीक केले, ओठ जुळवले. त्यांच्या खुर्चीमागे नेहमीप्रमाणे काकू उभ्या होत्या. टकळी थांबली. काका तसेच. ती आणखी थांबली. शोधतायत, तिला वाटलं, शोधू देत. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की काकूंचा पदर सावरायला वर गेलेला हातही मघापासून हवेतच आहे. ती इतका वेळ एका फोटोकडे बघत बसली होती. लाइन कधीच गेली होती.

हे मग रोजचंच झालं. कॉल नीट सुरू व्हायचा, काका कुठे शब्दाच्या जवळ यायचे आणि चित्र थिजायचं. कोपऱ्यातली वायफायची खूण कधी अर्धी व्हायची, कधी गायब. पुन्हा जोडलं की काकांचा चेहरा पडलेला असायचा.

टकळीने जगातला पहिला उपाय केला: सगळं बंद करून चालू केलं. बाहेरच्या खोलीत दारापाशी छोट्या फळीवर राउटर होता; तो बंद केला, कॉम्प्युटर बंद केला, दोन्ही पुन्हा लावले. सासूबाई मायक्रोवेव्ह ओव्हन लावतात तेव्हाच हे होतं, अशी तिची खात्री पटली आणि तिने तो लावायला बंदी घातली. लाइन तरी गेलीच. सासूबाई म्हणाल्या, "आता माझं गार जेवण झालं, तुझं इंटरनेट काही गरम झालं नाही. उठव ती बंदी."

लांब वायर आणून थेट राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत ओढून पाहिली. ती दोन दारं आणि एक बोळ ओलांडून जायची. पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंचा पाय अडकला. भिंतीला हात लागला म्हणून वाचल्या. घरमालक भिंतीला भोक पाडू देईना. वायर गुंडाळून माळ्यावर गेली.

मग इंटरनेट कंपनीचा माणूस आला. स्वभावाने गरीब, पाठीवर पिशवी. त्याने राउटर तपासला, स्वतःच्या मोबाइलवर आकडे काढून दाखवले आणि म्हणाला, "मॅडम, आमच्याकडून लाइन एकदम चोख आहे. आत कॉम्प्युटरचंच काहीतरी असेल."

"सगळे असंच म्हणतात," टकळी उसळून म्हणाली.

"हो, पण या वेळी खरंच आहे," तो म्हणाला, आणि पाणी पिऊन गेला.

त्याच दुपारी काकूंचा फोन आला. साधा, आवाजाचा.

"ताई, राग मानू नका. आता बंद करू या."

"का हो काकू? लाइनचं बघतेय मी."

"लाइनचं मला कळतं हो. त्यांना समजावून थकले. त्यांना वाटतं, ते अडकतात म्हणून तुम्ही कंटाळून फोन ठेवता. काल तुम्ही गेलात आणि त्यांनी तुम्ही पाठवलेली चित्रं पालथी घालून ठेवली. हाताने सांगितलं, बास."

ज्या बाईने इतक्या वर्षांत एकाही पेशंटचा शब्द तोडला नव्हता, ती एका माणसाच्या लेखी दररोज ऐन शब्दाच्या तोंडावर उठून जात होती. "मला चार दिवस द्या," ती म्हणाली. "चारच. त्यांना सांगा, मी गेले नाहीये. माझं मशीन आजारी आहे."

फोन ठेवून ती कॉम्प्युटरसमोर बसली. आतापर्यंत ती त्याच्यावर नुसती चिडत होती. पेशंटवर असं चिडली असती का? तिच्याकडे न बोलणारं मूल आणलं की आधी त्याचे कान तपासले जायचे. बोलत नाही म्हणजे जिभेतच दोष आहे असं नसतं. कदाचित त्याला ऐकूच येत नसेल. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं. तिने तर ओव्हन, वायर, राउटर सगळ्यांना एकदमच झोडपलं होतं.

तिने मोबाइल कॉम्प्युटरच्या शेजारी, त्याच टेबलावर ठेवला आणि त्याच वायफायला जोडला. दोन्हींवर बातम्यांचं वाहणारं चित्र लावलं. दोन्ही चालले. दुसऱ्या दिवशी एका नव्या पेशंटच्या कॉलमध्ये कॉम्प्युटरवर चित्र थिजलं, तेव्हा तिने पटकन मोबाइलकडे पाहिलं. बातमीदार आपला हातवारे करत बोलतच होता. म्हणजे कंपनीच्या माणसाचं खरं होतं. वायफाय खोलीत पोचत होतं. कॉम्प्युटरला तेवढं ऐकू येत नव्हतं.

कॉम्प्युटरचा कान म्हणजे मागच्या बाजूला खोचलेला, वायफाय पकडणारा, बोटाच्या पेराएवढा डोंगल. ती सेटिंगमध्ये शिरली. तिथे सापडलं की वीज वाचवायला कॉम्प्युटर त्या डोंगलला अधूनमधून परस्पर झोपवू शकतो.

"म्हणजे डुलकी लागते त्याला," सासूबाई दारातून म्हणाल्या.

"हो, आणि परवानगीने!" टकळीने ती परवानगी काढून घेतली. त्या संध्याकाळी कॉम्प्युटरवरून धाकट्या बहिणीशी भरपूर बोलली. एकदाही खंड नाही. तिने टाळी वाजवली. सकाळी पेशंटचा कॉल लावला आणि लाइन पुन्हा गेली.

आता मात्र तिने हात टेकले. "आई, या मेल्याचं पेशंटांशीच वाकडं आहे. बहिणीशी बोलते तेव्हा कसं सुरळीत चालतं!"

"मग मला पेशंट कर," सासूबाई म्हणाल्या. "बघू माझ्याशी कसं वाकडं वागतं ते."

सासूबाई बाहेरच्या खोलीत मोबाइल घेऊन बसल्या. पदर नीट घेतला, चष्मा पुसला. टकळीने आतून कॉल लावला. "आई, तुम्ही शब्द शोधताय असं करा. गप्प बसा थोडं."

"बरं," असं म्हणून सासूबाई क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "गप्प बसून काय कळणार तुला? काहीतरी सांगते. तुला माहितीय, मला पोहता येतं?"

"काय?"

"लग्नानंतर शिकले. चोरून. घरामागे कालवा होता. दुपारी सगळे निजले की मी आणि जाऊबाई. त्या काठावर बसून कपडे सांभाळायच्या आणि मला सांगायच्या, असा पाय मार, तसा मार. त्यांना स्वतःला काही येत नव्हतं हं! माशाला बघून सांगायच्या."

टकळी हसून हसून बेजार झाली. एवढी वर्षं या घरात काढली आणि हे कधी कानावर आलं नव्हतं. नवऱ्याला तर मुळीच ठाऊक नसणार. हे त्याला दाखवायलाच हवं, म्हणून तिने हात लांब करून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. पेशंटची आठवड्याची प्रगती पडताळायला ती घरच्यांच्या संमतीने कॉल साठवून ठेवायची, त्याच बटणाने.

"एक दिवस मी बुडी मारली," सासूबाई पुढे सांगत होत्या, "आणि डोकं वर काढून बघते तर काय, काठावर जाऊबाईंच्या जागी..."

सासूबाई थिजल्या. तोंड उघडं, एक हात डोक्यावर.

"जागी कोण?" टकळी ओरडली. आणि ओरडता ओरडताच तिची नजर त्या बटणावर गेली.

बहिणीशी बोलताना ती हे बटण कधीच दाबत नव्हती. पेशंटशी बोलताना नेहमी दाबायची. बटण दाबलं की कॉल जाऊन साठायचा तो बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्कवर. ती टेबलाखाली वाकली, टॉर्च मारला. मागे निळ्या खाचेत डिस्कची वायर खोचलेली, आणि तिला अगदी खेटून, खांद्याला खांदा लावून, तो बिचारा डोंगल.

तिने डिस्कची वायर उपटली, कॉल पुन्हा लावला, रेकॉर्डिंग कॉम्प्युटरच्या पोटातच होऊ दिलं. लाइन एकदाही तुटली नाही. डिस्क परत लावून तिच्यावर रेकॉर्डिंग सुरू केलं, तर सासूबाई लगेच थिजल्या. काढली, वाहत्या झाल्या. असं तिने इतक्या वेळा केलं की बाहेरून आवाज आला, "अगं, मला किती वेळा पुतळा करशील?"

मग तिने शोधून वाचलं. असल्या वेगवान डिस्क चालू झाल्या की त्यांच्या वायरीतून एक गोंगाट निघतो. आपल्याला ऐकू येत नाही, पण वायफायच्या लहरींच्या एका पट्टीवर तो नेमका जाऊन बसतो. कुणी अगदी कानाशी पत्र्याचा डबा बडवत असताना लांबचं कुजबुजणं काय ऐकू येणार? डोंगल बहिरा नव्हता. त्याचा शेजार वाईट होता.

तिने एक हातभर लांबीची यूएसबी वायर आणली, तिच्या टोकाला डोंगल लावला आणि तो टेबलामागच्या अंधारातून वर काढून पुस्तकांच्या फळीवर, केसांच्या चिमट्याने अडकवून बसवला. डिस्क दुसऱ्या बाजूच्या खाचेत नेली. वायफायची खूण पूर्ण भरली आणि तशीच राहिली.

"आई, काठावर कोण होतं ते सांगा आता."

"सासरेबुवा," सासूबाई आत येऊन पलंगावर टेकल्या. "माझ्या अंगाचं पाणी पाणी झालं. आणि म्हणतात काय, सूनबाई, पाय फार मारतेस, हात लांब टाक. आणि गेले निघून. कुणाला बोलले नाहीत."

काकूंकडून मागून घेतलेले चार दिवस संपायच्या आत टकळीने कॉल लावला. काका बसले होते, पण तोंड एका बाजूला वळवून. काकू मागे उभ्या.

"काका," टकळी म्हणाली, "माझ्या मशीनला ऐकू येत नव्हतं. मी त्याच्यावर उपचार केले. तुमच्यात आणि माझ्यात जे तुटत होतं ते माझ्या बाजूने तुटत होतं. तुम्ही अडकलात म्हणून मी एकदाही गेले नाही. आणि पुन्हा कधी चित्र थांबलंच, तर मी लगेच साध्या फोनवर येईन. ठरलं?"

काकांनी मान हलवली नाही. पण वळवलेलं तोंड थोडं समोर आलं.

तिने चित्र दाखवलं नाही. काही विचारलंही नाही. ती बसून राहिली. काकांच्या मागच्या खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगत होता, पुन्हा खाली बसत होता. तो हलतोय तोवर लाइन जिवंत आहे, हे तिला दिसत होतं. त्यामुळे तिला पहिल्यांदाच निवांत थांबता आलं. काकांच्या ओठांच्या कडा हलल्या. काहीतरी येत होतं. टकळीची करंगळी कितीतरी वर्षांनी तिच्याच मुठीत गेली.

"बस," काका म्हणाले.

काकूंचा हात तोंडावर गेला. टकळीला मात्र दुसरीच शंका आली. इतक्या दिवसांनी फुटलेला पहिला शब्द, तोही बस! पुरे झालं, असं सांगायला? तिने स्वतःला सावरलं. ठीक आहे, शब्द तर आहे, त्यांच्या मनातला आहे, ती स्वतःला समजावत होती. तेवढ्यात काकांनी डावा हात शेजारच्या स्टुलावर दोनदा थोपटला, मान मागे वळवली आणि बायकोकडे बघून पुन्हा म्हणाले, "बस."

काकू बसल्या. आजारपण सुरू झाल्यापासून त्या या खुर्चीमागे उभ्याच होत्या. त्या बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. काका गोंधळून पडद्यावरच्या टकळीकडे बघायला लागले, जणू विचारत होते, माझं चुकलं का काही?

"अगदी बरोबर बोललात," टकळी म्हणाली.

त्यानंतर सगळं झरझर सुधारलं असं नाही. 'पाणी' यायला बरेच दिवस लागले, आणि आलं तेव्हा आठवडाभर ते चहालाही पाणी, औषधालाही पाणी आणि जावयालाही पाणीच म्हणत होते. जावई घरात शिरला की सगळे तोंड लपवून हसायचे. शेवटी एकदा काकांनाच हसू फुटलं. वाईट दिवसही यायचे. लाइनही एखाद्या वेळी जायची, कारण कधी वीज जायची, कधी कंपनीच्या बाजूलाच बिघाड असायचा. तशी गेली की टकळी कबूल केल्याप्रमाणे लगेच साधा फोन लावायची आणि एवढंच म्हणायची, "मी आहे, काका. शोधा तुम्ही."

नव्या पेशंटच्या घरच्यांशी बोलताना ती आता सगळ्यात आधी हेच सांगते. चित्र थांबलं तर थांबली ती लाइन समजा, माणूस नव्हे. शिवाय मोबाइल कुठे टेकवायचा तेही सांगते: मागे हलणारं काहीतरी दिसू दे, पडदा, झाड, काहीही. लोकांना ही अट जरा विचित्र वाटते, पण ती सोडत नाही.

परवा सकाळी ती भाजी निवडत असताना फोन वाजला. काकूंचा नंबर. तिने उचलून "हॅलो काकू" म्हटलं. पलीकडे कुणी बोलेना. ती पुन्हा हॅलो म्हणणार होती, पण श्वास ऐकू आला आणि तिने सुरी खाली ठेवली. सासूबाईंनी काहीतरी विचारलं, त्यांना हाताने थांबवलं.

"मी," पलीकडून आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. "मी... बोलतोय."

"बोला, काका."

"उद्या... नको."

"उद्या शिकायला नको? का बरं?"

श्वास. मागे कुठेतरी भांडं वाजलं. काकू कुजबुजल्या, आणि काकांनी त्यांना गप्प केल्याचा आवाजही आला.

"बाजार," काका म्हणाले. "जातो... बघायला."

"जा की! मग परवा बोलू या?"

"परवा," काकांनी मान्य केलं आणि फोन ठेवून दिला.